हिरव्यातला काटा

आरटीओचे हुलवळे साहेब टेम्पोच्या समोर वाकून चेसिस नंबर वाचत होते, तेवढ्यात मी मागून जाऊन ड्रायव्हरच्या खिडकीतून लाल सिलिंडर आत सरकवला. ड्रायव्हरनं तो सीटच्या बाजूला उभा केला आणि जन्मापासून आपण आग विझवण्याच्याच तयारीत आहोत असा चेहरा केला. साहेबांनी आत डोकावून विचारलं, “अग्निशामक?”

“आहे, साहेब.”

साहेबांनी कागदावर खूण केली. ते पुढच्या गाडीकडं वळून दोन पावलं चालेपर्यंत सिलिंडर माझ्या हातात परत आला होता आणि पुढच्या जीपमध्ये पोचलाही होता. सकाळपासूनची ती तेविसावी गाडी. तेवीस गाड्यांत साहेबांना तोच सिलिंडर, त्याच जागी पोचा आलेला, तेवीस वेळा दिसला होता. पण सिलिंडर आहे का, एवढंच बघणं साहेबांचं काम होतं. कोणता आहे, हे बघायला सरकारनं त्यांना सांगितलं नव्हतं.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी बाजार समितीच्या मागच्या मैदानात गाड्यांच्या पासिंगचा कॅम्प लागायचा. मैदानाच्या तोंडाशी छत्री लावून मी बसायचो. धंदा रेडियमचा. नंबरप्लेट, काचेवरची देवाची नावं, मागच्या फाळक्यावरचे शेर, सगळं कापून द्यायचो. शिवाय पासिंगला आलेल्या गाडीत जे कमी असेल ते माझ्याकडं मिळायचं. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या विकत, प्रथमोपचाराची पेटी आणि सिलिंडर भाड्यानं. पेटीतल्या कापसात एकदा उंदराची पिल्लं निघाली होती. ती काढून टाकली आणि पेटी पुन्हा सेवेत रुजू केली.

सिलिंडर मी भंगारवाल्याकडून आणला होता, बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजच्या सामानातून. आणला तेव्हा त्याच्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात पडून होता. मी काच काढली, काटा उचलून हिरव्या पट्ट्यात नेला, पंक्चरच्या सोल्युशनचा एक थेंब टाकला आणि त्याला कायमचा बरा केला. तपासणीच्या तारखेचं स्टिकर तर माझ्याच मशीनवर निघायचं. दर कॅम्पच्या आदल्या दिवशी मी नवी तारीख चिकटवायचो. इतक्या नियमानं तपासला जाणारा सिलिंडर अख्ख्या जिल्ह्यात नसावा. सहा वर्षांत त्यानं हजाराच्या वर गाड्या पास केल्या. त्याच्या पोटात काही आहे की नाही हे मात्र मला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

विचारलं ते त्या दिवशी, मालन ढोबळे यांनी.

मालनताई शाळेची व्हॅन चालवायच्या. व्हॅन मूळ त्यांच्या नवऱ्याची. साखरेनं त्याची नजर गेली, लायसन्स पुढं वाढेना, तेव्हा पस्तिशीला आलेल्या या बाईनं गाडी शिकून घेतली. साडीवर नवऱ्याचा शर्ट घालून त्या दहा मुलं नेत-आणत. रांगेतल्या पुरुषांना बाईच्या ड्रायव्हिंगबद्दल पुष्कळ मतं होती. सहा वर्षांत त्यांच्या व्हॅनला साधा ओरखडा नव्हता, त्यामुळं ती मतं त्यांच्या पाठीमागंच बोलावी लागत.

मे महिन्याचा शेवट होता. शाळा पंधरा जूनला उघडणार, म्हणून शाळेच्या सगळ्या गाड्या रांगेत होत्या. मी नेहमीप्रमाणं चौकशी करायला गेलो, तर मालनताईंच्या सीटखाली पट्ट्यानं बांधलेला कोरा सिलिंडर. मला एखाद्या गिऱ्हाइकानं दुसऱ्याच्या दुकानाची पिशवी दाखवावी तसं झालं.

“ताई, विकत कशाला घेतला? दहा मिनिटांचं तर काम,” मी म्हणालो.

माझ्या काखेतल्या सिलिंडरकडं बघून त्यांनी विचारलं, “तुमचा चालतो का, भाऊ?”

“चालतो की. सहा वर्षं पास होतोय.”

“ते नाही विचारलं. दाबला तर चालतो का?”

मी हसलो. त्यांनी सिलिंडर माझ्याकडून घेतला, उलटा केला आणि कानाशी धरला. आत काहीतरी दगडासारखं धप्पकन आदळलं. मग त्यांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. माझा काटा शिस्तीचा, जागचा हलला नाही. त्यांनी आपल्या सिलिंडरच्या काचेवर टिचकी मारली, तर त्यांचा काटा हिरव्यातच, पण जरासा थरथरला.

त्यांनी मला तिथं उभ्या उभ्या शिकवणीच दिली. सांगलीच्या दुकानदारानं सांगितलेलं सगळं त्यांनी पाठ केलं होतं. महिन्याच्या एक तारखेला काटा बघायचा, पिन आणि सील जागेवर आहे का बघायचं, नळीच्या तोंडात गांधीलमाशीनं घर केलं नाही ना ते बघायचं. गाडीच्या हादऱ्यानं पावडर तळाशी बसते आणि तिचा गोळा होतो, म्हणून सिलिंडर उलटा करून हलवायचा. एकदा थोडा जरी दाबला तरी तो संपला असं धरून पुन्हा भरून आणायचा. घरीही त्यांनी एक लावला होता, स्वयंपाकघराच्या दाराशी. शेगडीच्या वर लावला तर आगीतून हात घालून काढायचा का, असं दुकानदारानंच विचारलं होतं म्हणे.

एवढं बोलून त्यांनी माझा सिलिंडर मला परत दिला आणि आपल्या गाडीच्या काचा पुसायला लागल्या. चिकटवलेल्या काट्याबद्दल एक शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला उलट बरं वाटलं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

अर्ध्या तासानं, साहेब चोविसाव्या गाडीपाशी असताना, भूपाल चौगुलेनं रांगेत आपली शाळेची व्हॅन पुढं घ्यायला चावी फिरवली. सकाळपासून त्याच्या गाडीतून पेट्रोलचा वास येत होता. पेट्रोलच्या गाडीतून पेट्रोलचाच वास येणार, असं त्यानं विचारणाऱ्यांना समजावलं होतं. चावी फिरली आणि पुढच्या सीटखालून, जिथं त्या व्हॅनचं इंजिन असतं, तिथून धूर निघाला. भूपालनं दारातून उडी मारली. धुरामागून जीभ बाहेर काढावी तशी ज्वाळ दिसली.

मैदानात चाळीस गाड्या होत्या आणि त्या दिवशीच्या कागदांप्रमाणं त्यांतल्या तेवीस गाड्यांत चालू स्थितीतला अग्निशामक होता. एकाही गाडीतून एकही निघाला नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, “तोडकर, सिलिंडर.”

सिलिंडर नेमका साहेबांच्या समोरच्या जीपमध्ये होता. साहेबांनी स्वतः तो उचलला आणि धावले. त्यांचं मला आजही कौतुक वाटतं. एवढ्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदाच धावताना पाहत होतो. त्यांनी पिन ओढली, नळी आगीकडं धरली आणि दांडी दाबली. पुन्हा दाबली. दोन्ही हातांनी दाबली. नळीतून चिमूटभर पावडर निघाली आणि साहेबांच्या बुटावर पडली. साहेबांनी मीटरकडं पाहिलं. काटा हिरव्यात होता.

भूपाल सीट वर उचलायला धावला. तेवढ्यात मालनताईंचा आवाज आला, “सीट उघडू नका. वारं लागंल.” आपला सिलिंडर घेऊन त्या आल्या, वारा पाठीवर येईल अशा उभ्या राहिल्या, आणि सीटखालच्या फटीतून नळीचं तोंड आत घालून, ज्वाळेवर नाही, खाली बुडाशी त्यांनी पावडर मारली. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. दहा-बारा सेकंद लागले असतील. पांढऱ्या धुळीत सगळं झाकलं. धूळ खाली बसली तेव्हा आग नव्हती. साहेब पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते.

पळालेली माणसं लगेच परत आली आणि काय करायला हवं होतं हे एकमेकांना सांगायला लागली. मी व्हॅनच्या आत डोकावलो. ड्रायव्हरच्या मागची सीट, इंजिनाला लागून असलेली, खालून वितळली होती. स्पंज काळा पडून आत गेला होता. पाठीच्या रेक्झिनवर केशरी रेडियमची दोन अक्षरं होती. उष्णतेनं त्यांच्या कडा वळल्या होत्या, पण वाचता येत होती. गौरी.

ती अक्षरं मीच कापून दिली होती. गौरी माझी मुलगी, तेव्हा दुसरीत जाणार होती. आपली जागा कुणी घेऊ नये म्हणून तिनं हट्ट करून नाव कापून घेतलं होतं आणि स्वतः चिकटवलं होतं. भूपालच्या व्हॅननं ती वर्षभर जात होती. आधीच्या वर्षी त्या व्हॅनला पासिंगच्या वेळी सिलिंडर मीच दिला होता. ओळखीचा माणूस म्हणून भाडंही घेतलं नव्हतं.

मी छत्रीखाली येऊन बसलो. घशात पावडर गेली होती, पाणी प्यालो.

साहेबांनी तोंड धुतलं, उसाचा रस घेतला आणि कॅम्प पुढं सुरू झाला. सरकारी काम आगीनं थांबत नाही. दोन गाड्यांनी मालनताईंचा नंबर आला. साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितला, हॉर्न वाजवून घेतला. मग सवयीनं विचारलं, “अग्निशामक?”

मालनताईंनी सिलिंडर दाखवला. काटा लाल पट्ट्याच्याही खाली, शून्यावर टेकला होता.

“हा रिकामा आहे,” साहेब म्हणाले.

“आत्ताच झालाय, साहेब. तुमच्यासमोर.”

साहेब गोंधळले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या शर्टावर त्याच सिलिंडरची पावडर होती. पण कागदावर ‘रिकामा का झाला’ असा रकाना नव्हता. ते म्हणाले की रिकाम्या सिलिंडरवर गाडी पास केली तर उद्या त्यांना विचारणा होईल. पुढचा कॅम्प जूनच्या शेवटी. शाळा पंधराला उघडणार. दहा-बारा दिवस मुलांची सोय दुसरीकडं झाली की ती मुलं परत येतीलच असं नाही, हे मालनताईंना माहीत होतं, साहेबांनाही आणि रांगेतल्या सगळ्यांना. एका एजंटानं तोडगा काढला. साहेबांनाही तो पटला असावा, कारण ते मालनताईंकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाले, “तोडकर, तुमचा द्या जरा. तो हिरव्यात आहे.”

अर्ध्या तासापूर्वी याच माणसानं तो दोन्ही हातांनी दाबून बघितला होता.

“तो चालत नाही, साहेब,” मालनताई म्हणाल्या.

“बाई, पासिंगपुरतं म्हणतायत ते,” एजंट म्हणाला. मागच्या रिक्षावाल्यानंही उन्हाची आठवण करून दिली. हट्ट करू नका, सगळ्यांचा खोळंबा होतोय, असं चारी बाजूंनी सुरू झालं. ज्यांनी आगीच्या वेळी वीस-वीस पावलं मागं उडी घेतली होती, ती सगळी माणसं आता अगदी जवळ येऊन उभी होती.

मी सिलिंडर उचलला. देऊन टाकला असता तर त्या बाईंनी घेतलाच नसता असं मी नंतर बायकोला सांगितलं, पण खरं म्हणजे मला माहीत नाही. दहा मुलांचा प्रश्न होता, कदाचित घेतलाही असता. मी खिशातला रेडियम कापायचा कटर काढला, मीटरची काच उचकटली आणि पात्याच्या टोकानं सोल्युशनचा थेंब खरवडला. काटा सुटला आणि धपकन लाल पट्ट्यात पडला.

“साहेब,” मी म्हणालो, “काटा मीच चिकटवला होता. सहा वर्षं झाली.”

साहेबांनी आधी मला ऐकू न आल्यासारखं केलं. पण ऐकणारे फार होते. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. मागं पास केलेल्या गाड्यांचं काय, असं कुणीतरी विचारायच्या आत त्यांनी ठरवून टाकलं की मागचं मागं आणि इथून पुढं ज्याच्याकडं स्वतःचा, भरलेला सिलिंडर असेल त्याचीच गाडी पास. रांगेत पंधरा गाड्या उरल्या होत्या. पंधराच्या पंधरा नापास झाल्या.

त्यानंतर माझ्या छत्रीची एक काडी शिल्लक राहिली नाही. रेडियमचे रोल धुळीत लोळले. इतकी वर्षं मी त्यांना फसवलं, असा लोकांचा आरोप होता आणि आता मी फसवायला तयार नाही, हा राग होता. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून ऐकताना मला हसू आलं. त्याबद्दल एक थप्पडही बसली.

मालनताई आपल्या व्हॅनच्या पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं त्यांचा रिकामा सिलिंडर मागितला. सांगलीला जाऊन भरून आणतो, साहेब पाचपर्यंत आहेत, असं म्हणालो. त्यांनी उठून सिलिंडर दिला. मोटारसायकलला दोन्ही सिलिंडर बांधून मी निघालो. त्या घडीला गावात थांबण्यापेक्षा सांगलीला जाणं माझ्याही प्रकृतीला बरं होतं.

दुकान पटवेगार नावाच्या म्हाताऱ्याचं. मी त्यांना घाई सांगितली. त्यांनी मान हलवली आणि घाई न करता काम सुरू केलं. उरलेली पावडर काढली, बॅटरी लावून आत गंज बघितला, नळी फुंकून बघितली, नवी पावडर वजन करून भरली, गॅसचा दाब दिला आणि सिलिंडर पाण्यात धरून बुडबुडे येतात का बघत बसले. मी घड्याळ बघत होतो. शेवटी मी सुचवलं की एवढं सगळं कशाला, फक्त गॅस भरा, स्टिकर मी झकास छापून देतो. पटवेगारांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. पाण्यातला सिलिंडर त्यांनी आणखी दोन मिनिटं तसाच धरून ठेवला. मला वाटतं, ती दोन मिनिटं खास माझ्यासाठी होती.

माझा सिलिंडर त्यांनी उघडला तर आत पावडरीचा दगड आणि गंजाचे पापुद्रे. असा सिलिंडर कुणाच्या हातात जाऊ नये, म्हणाले. ड्रिल मशीन घेऊन त्यांनी त्याच्या पोटाला आरपार भोक पाडलं आणि बाजूच्या ढिगात टाकला. ज्याच्यावर सहा वर्षं घर चाललं त्याची अशी बोळवण बघताना मला जरा वाईट वाटलं. लाज वाटायला हवी होती हे आज कळतं. त्या दिवशी आधी वाईटच वाटलं.

मी मैदानात पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. साहेब पाचला गेले होते, अगदी वेळेवर. मैदानात एकटी मालनताईंची व्हॅन उभी होती. त्यांनी सिलिंडर घेतला, काटा बघितला, उलटा करून हलवला आणि पट्ट्यात अडकवला. मी उशीर झाल्याचं सांगायला लागलो.

“नीट भरून आणलाय ना,” त्या म्हणाल्या. “मग झालं.”

पुढं जे व्हायचं ते झालं. भूपालच्या व्हॅनला नवं रेक्झिन लागलं आणि कुठल्याशा एजंटाच्या हातून ती आठ दिवसांत पास झाली. पेटलेली गाडी शाळेच्या पहिल्या दिवशी रस्त्यावर होती आणि विझवणाऱ्या बाईंची व्हॅन दारात उभी. त्यांची चार मुलं भूपालकडं गेली. जूनच्या कॅम्पला मी छत्री लावली नाही. लांबून बघितलं तर मैदानाच्या तोंडाशी तीन नव्या छत्र्या होत्या आणि तिन्हींखाली एकेक लाल सिलिंडर. मी धंदा सोडल्यानं गावाची काही अडचण झाली नाही. त्या कॅम्पला मालनताईंची व्हॅन पास झाली. साहेबांनी त्यांचा सिलिंडर हातात घेऊन बघितला म्हणे. बाकीच्यांचे लांबूनच.

त्या पहिल्या आठवड्यांत गौरीला मी मोटारसायकलवरून सोडत होतो. भूपालच्या व्हॅनला मी नाही म्हणालो होतो. मालनताईंची व्हॅन सुरू झाली की गौरी तिथं जाणार, हे मी मनाशी धरून चाललो होतो. एवढं सगळं मी त्यांच्यासाठी केलं, तेव्हा जागा तर माझीच, असा माझा हिशोब. त्यामुळं विचारायला मी आरामात, जुलै उजाडल्यावर गेलो. मधल्या काळात मैदानातली गोष्ट घरोघर पोचली होती. गेलेल्या चार मुलांच्या जागी सहा जणांचे पालक येऊन गेले होते.

मालनताई अंगणात व्हॅन धूत होत्या. त्यांनी मला चहा दिला, गौरी कितवीत गेली ते विचारलं. मग म्हणाल्या, “भरली हो, भाऊ. दहा झाली.”

“एक पोरगी, ताई. बारीक आहे. कुठंही बसंल, सरकून घ्या.”

“दहाच बसतात.”

मी त्यांना सगळ्या गोष्टींची आठवण करून दिली. मोडलेली छत्री, थप्पड, सांगली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. नंबर लावून ठेवते, म्हणाल्या, पुढच्या जूनमध्ये एक मुलगी दहावी होऊन जाईल, तेव्हा पहिली गौरी. आणि चहाचा कप माझ्या हातातून घेऊन विसळायला आत गेल्या.

ते वर्षभर मीच गौरीला सोडायला जात होतो. मी, पुढं टाकीवर तिचं दप्तर, मागं ती माझ्या कमरेला धरून. शाळेच्या अरुंद रस्त्यावर मागून मालनताईंची व्हॅन यायची, एकदा हॉर्न वाजवायची. मी गाडी बाजूला घ्यायचो. व्हॅन पुढं जाताना गौरी आतली डोकी मोजायची आणि माझ्या पाठीवर बोटानं टकटक करून सांगायची, “दहा, पप्पा. आजपण दहाच.”